आधीं प्रश्न, मग प्रश्नावली

विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं पीएच.डी.च्या पदवीसंबंधीं जे नियम केले, त्यांत संशोधनपद्धतीचा अभ्यास सक्तीचा झाला. २०१६ आणि २०२२ सालच्या नियमांनींही ही सक्ति कायम ठेविली. नियम चांगलाच होता. परंतु विषय सक्तीचा झाला कीं त्याच्यामागून पाठ्यपुस्तकें येतात, आणि पाठ्यपुस्तकांमागून मार्गदर्शकें येतात, असा आपला नेहमींचा अनुभव आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलीं संशोधनपद्धतीचीं मराठी पुस्तकें आज दुकानांत हारीनें मांडलेलीं दिसतात. वाङ्मयीन मासिकांतून मात्र त्यांचें परीक्षण सहसा येत नाहीं. कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांना असल्या पुस्तकांशीं काय कर्तव्य, असें संपादकांना वाटत असावें. पण ज्या घरांतला मुलगा अथवा मुलगी पदवीच्या पुढचा अभ्यास करीत आहे, अशीं घरें आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. समाजाकडे कसें पाहावें हें त्या मुलांना जीं पुस्तकें शिकवितात, त्यांची झडती घेणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें कोण म्हणेल?

प्रस्तुत लेखकानें आपल्या नोकरीच्या काळांत समाजशास्त्राचे बरेच प्रबंध परीक्षक म्हणून वाचले, आणि त्या प्रबंधांच्या मागें उभीं असलेलीं हीं पुस्तकेंही वाचलीं. कोणा एकाचें नांव घेऊन त्याला धारेवर धरण्यांत अर्थ नाहीं, कारण दोष सर्वांचा सारखा आहे. पहिल्या प्रकरणांत संशोधनाच्या आठ-दहा व्याख्या असतात, आणि प्रत्येक व्याख्येखालीं एका पाश्चात्त्य पंडिताचें नांव असतें. पुढें संशोधनाचे प्रकार, मग गृहीतक, मग नमुनानिवड. त्यानंतर प्रश्नावली, मुलाखत व निरीक्षण हीं साधनें, आणि प्रत्येक साधनाचे पांच गुण व पांच दोष. शेवटीं संदर्भसूचि कशी द्यावी याचे नियम. यांत चुकीचें विधान बहुधा एकही नसतें. तरीही पुस्तक मिटल्यावर वाटतें, कीं कोणी स्वयंपाकघरांतल्या भांड्यांची बिनचूक यादी वाचून दाखविली, पण चुलीवर कांहींच चढविलें नाहीं. परीक्षेंत 'प्रश्नावलीचे गुणदोष सांगा' असें विचारलें तर विद्यार्थी दोन पानें सहज लिहितो. अनोळखी माणसाच्या दारांत उभें राहून एक प्रश्न विचारण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर आलेला नसतो.

गेल्या वर्षीं माझी एक भाची आपल्या एम.ए.च्या लघुप्रबंधाची प्रश्नावली मला दाखवावयास घेऊन आली. विषय होता 'मिळवत्या स्त्रियांचा घरांतील निर्णयांमध्यें सहभाग'. एकंदर ४२ प्रश्न होते, आणि प्रत्येक प्रश्नापुढें चार-चार चौकोन. ही प्रश्नावली तिनें फोनवरून ओळखीच्या लोकांकडे पाठविली, त्यांनीं ती आपल्या ओळखीच्यांकडे पाठविली, आणि आठवड्याभरांत २१२ उत्तरें जमलीं. तिच्या मुद्रेवर मोठें समाधान होतें. मीं विचारलें, "हीं कोणाचीं उत्तरें?" ती म्हणाली, "बायकांचीं, मामा." मीं म्हटलें, "कोणत्या बायकांचीं?" यावर ती थोडी थांबली.

त्याच वेळीं आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाई ओट्यापाशीं उभ्या होत्या. त्याही मिळवत्याच, पण त्यांच्यापर्यंत तो कागद पोंचला नव्हता. भाचीनें मोठ्या उत्साहानें त्यांनाच सतरावा प्रश्न विचारला: घरांतील निर्णय कोण घेतें? स्वतः, पति, दोघे, कीं इतर? बाई हंसल्या. म्हणाल्या, "रोजचं सगळं मीच बघते, ताई. मोठं काही असलं तर ते बघतात. पण आमच्याकडे मोठं असं येतंय कुठं कधी?" भाचीनें क्षणभर विचार केला, आणि 'दोघे' या चौकोनांत खूण केली.

त्या खुणेंत आपल्या संशोधनशिक्षणाचा सारा दोष मला दिसला. बाईंनीं एका वाक्यांत जें सांगितलें, तें त्या ४२ प्रश्नांहून मोलाचें होतें. निर्णय लहान कोणते व मोठे कोणते हें कोण ठरवितें? जें रोज करावें लागतें त्याला निर्णय म्हणावयाचें कीं नाहीं? ज्या घरांत मोठ्या निर्णयाला वावच नाहीं, त्या घरांत 'सहभाग' या शब्दाला अर्थ काय उरतो? प्रबंधाचा खरा प्रश्न तेथें जन्माला येत होता. पण चौकोन आधींच आंखलेले होते, म्हणून तो प्रश्न चौकोनाच्या बाहेर पडला आणि हरवला. मुलगी आळशी नव्हती, अप्रामाणिक तर मुळींच नव्हती. तिनें पुस्तकांत सांगितलेली प्रत्येक पायरी ओलांडली होती. फक्त साधन हातीं घेतल्यावर तिनें त्याला शोभेल असा प्रश्न शोधला होता. हा क्रम उलटा आहे, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें.

या उलट्या क्रमाला आपल्या परिभाषेनेंही हातभार लावला आहे. ज्या तर्काची परीक्षा घ्यावयाची त्याला मराठी पुस्तकें 'गृहीतक' म्हणतात. शाळेंतल्या भूमितींत गृहीतक म्हणजे सिद्धतेवांचून मान्य करावयाचें विधान. तोच शब्द ज्याची कसोटी पाहावयाची त्याला लावला, कीं मुलांच्या मनांत गोंधळ माजावयाचाच. जें गृहीत धरलें तें खोटें कसें ठरेल? म्हणूनच मीं वाचलेल्या प्रबंधांत शेवटच्या प्रकरणीं पहिलें गृहीतक सिद्ध झालें, दुसरें सिद्ध झालें, तिसरेंही सिद्ध झालें, अशी आरती ओंवाळलेली असे. एखाद्या प्रबंधांत एखादें गृहीतक पडलेलें आढळलें, तर विद्यार्थी त्याबद्दल क्षमा मागितल्यासारखा लिहीत असे. वस्तुतः त्या प्रबंधांतलें वाचण्याजोगें पान बहुधा तेंच असे.

मग संशोधनाची रचना म्हणजे काय? माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: आपलें आवडतें मत हरण्याची खरीखुरी संधि त्याला मिळावी, अशी आधींच करून ठेवलेली व्यवस्था म्हणजे संशोधनाची रचना. नमुना, तुलना, प्रश्नांचे शब्द, नोंदी हीं सारीं या एकाच हेतूचीं अंगें आहेत. आपल्याकडे ही कल्पना परकी नाहीं. शास्त्रार्थाच्या जुन्या रीतींत आधीं पूर्वपक्ष मांडावा लागे, आणि तो प्रतिपक्ष्यालाही मान्य होईल इतक्या बळकटपणें मांडावा लागे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणाऱ्याला पंडितांच्या सभेंत मान नसे. समाजशास्त्रांत फरक इतकाच, कीं येथें पूर्वपक्ष माणसांच्या तोंडून आणि जगाच्या व्यवहारांतून ऐकावयाचा असतो. तो ऐकूं येण्यासाठीं कान कोठें लावावा, याचें शास्त्र म्हणजे पद्धति.

याचें सर्वांत तेजस्वी उदाहरण आपल्या घरचेंच आहे. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. परंतु बर्लिनमधील विद्यार्थिनी इरावती कर्वे फारशा ठाऊक नाहींत. मुंबईस घुर्यांच्या हाताखालीं एम.ए. करून त्या १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीला गेल्या, आणि मानववंशशास्त्राच्या एका प्रख्यात संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं प्रबंधाचें काम केलें. फिशर हे वंशवादी विचाराचे मोठें प्रस्थ होते. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिन विद्यापीठाचें प्रमुखपद त्यांच्याकडे आलें. मनुष्याच्या कवटीच्या दोन्ही बाजू अगदीं सारख्या नसतात. ही विषमता वंशावंशांत निराळी असते, आणि गोऱ्या युरोपीयांची विषमता त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशीं निगडित आहे, अशा तर्काच्या तपासासाठीं हें काम होतें. इरावतीबाईंनीं जवळजवळ दीडशें कवट्या मोजल्या. विषमतेचा वंशाशीं संबंध त्यांना आढळला नाहीं, आणि तसें त्यांनीं लिहिलें.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. परका देश, परकी भाषा, पदवी हातीं असलेले गुरु, आणि त्या गुरूंचा लाडका तर्क. प्रबंध 'सिद्ध झालें' म्हणून संपविणें किती सोपें होतें! त्यांना तें करूं दिलें नाहीं, तें धैर्यानें खरेंच. पण केवळ धैर्यानें नव्हे. मोजमापें अशीं घेतलीं होतीं कीं त्यांतून होकार निघूं शकत होता तसा नकारही निघूं शकत होता. रचना प्रामाणिक होती, म्हणून धैर्याला उभें राहावयास जागा मिळाली. ज्या प्रश्नावलीतून नकार निघण्याची सोयच नसते, तिच्यापुढें धैर्यवान् विद्यार्थीही काय करणार? मात्र इरावतीबाईंची मूर्ति करून तिला हार घालण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत परतल्यावरही जातीजातींतील माणसांचीं शरीरें मोजण्याचें काम त्यांनीं पुष्कळ वर्षें चालू ठेविलें, आणि त्या मोजण्यामागील गृहीतांविषयीं पुढील पिढीनें त्यांना रास्त प्रश्न विचारले आहेत. एकदां आपलें किंवा गुरूचें मत पणाला लावलें म्हणजे जन्मभराची सुटका झाली, असें या शास्त्रांत होत नाहीं. प्रत्येक कामांत पण नवा लावावा लागतो.

दुसरा भ्रम संख्येचा. २१२ उत्तरें आलीं म्हणून भाचीला कृतार्थ वाटलें, तसें १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकालाही वाटलें होतें. त्या वर्षीं अध्यक्षपदासाठीं रूझवेल्ट आणि लँडन यांच्यांत सामना होता. साप्ताहिकानें सुमारें १ कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या, आणि २३ लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन शेंकडा ५७ मतांनीं निवडून येणार, असें भविष्य वर्तविलें गेलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांना शेंकडा ६० हून अधिक मतें पडलीं, आणि लँडन यांच्या पदरांत अवघीं दोन राज्यें आलीं. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून व मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन व मोटार ज्यांच्या घरीं होती त्यांचा राग रूझवेल्ट यांच्यावर अधिक होता. शिवाय ज्यांनीं पत्रिका परत धाडण्याची तसदी घेतली, ते न धाडणाऱ्यांसारखे नव्हते. याच निवडणुकींत जॉर्ज गॅलप यांनीं कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून खरा विजयी सांगितला. दोनच वर्षांत 'लिटररी डायजेस्ट' बंद पडलें.

ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकांत असते. विद्यार्थी ती पाठही करतात. आणि मग फोनवरून ओळखीच्यांना प्रश्नावली धाडतात! याचें कारण असें, कीं ती गोष्ट 'नमुनानिवडीचे दोष' या मथळ्याखालीं शिकविली जाते. 'तूं आज करीत आहेस तें हेंच आहे' असें कोणी म्हणत नाहीं. याच्या उलट प्रशांतचंद्र महालनोबीस यांची युक्ति पाहावी. बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करतांना त्यांनीं एकाच टापूंत दोन स्वतंत्र तुकड्या पाठविण्याची पद्धत घातली. दोघींनीं आपापले नमुने निरनिराळे पाहावे, आणि मग दोन्ही उत्तरें शेजारीं ठेवावीं. तीं जुळलीं तर विश्वास वाढतो. न जुळलीं तर चूक किती मोठी असूं शकेल याचा अंदाज तरी येतो. आपल्याच कामावर आपणच पहारेकरी बसविण्याचा हा प्रकार आहे. विद्यार्थ्याला दोन तुकड्या परवडणार नाहींत हें मान्य. पण दहा घरीं आपण जावें आणि त्याच दहा घरीं महिन्यानें मैत्रिणीला पाठवावें, एवढें तर कोणालाही करतां येईल.

तिसरें उदाहरण पुण्याच्या वेशीवरचें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर या पवनेकांठच्या गांवाची घरोघर पाहणी केली, आणि १९१७ सालीं 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. जुने दप्तर चाळून त्यांनीं दाखविलें, कीं १७७१ सालीं या गांवांत सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १८१८ सालीं ती १७॥ एकरांवर आली, आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर उतरली. हे आकडे पुढें अर्थशास्त्राच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांत शिरले, आणि हिंदुस्थानांतील शेतीच्या तुकडीकरणाचा पुरावा म्हणून एका लहानशा गांवाला सबंध देशाचें ओझें वाहावें लागलें.

पण मॅन यांचा मोठेपणा त्या आकड्यांत नाहीं. त्यांनीं पुढें जें केलें त्यांत आहे. पिंपळें सौदागर पुणें-खडकीच्या कुशींत वसलेलें. गांवचे लोक शहरांत कामाला जात. तेव्हां येथें जें दिसलें तें दख्खनच्या खेड्याचें चित्र कीं शहराच्या सावलींत वाढलेल्या खेड्याचें, ही शंका कोणीही घेतली असती. मॅन यांनीं शंकेला उत्तर देण्यासाठीं लेख लिहिला नाहीं, दुसरें गांव निवडलें. शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक हें शहरापासून दूर, कोरडवाहू गांव घेऊन त्यांनीं ना. वि. कानिटकर यांच्या साह्यानें तीच पाहणी पुन्हां केली आणि १९२१ सालीं ती प्रसिद्ध केली. जातेगांवांत डबघाईस आलेल्या कुटुंबांचें प्रमाण पहिल्या गांवाहूनही अधिक निघालें. दोन गांवें शेजारीं ठेवल्यावरच समजलें, कीं पहिल्या गांवांतल्या पुष्कळ कुटुंबांना शेतानें नव्हे, तर शहरांतल्या मजुरीनें तगविलें होतें. एकाच गांवाची पाहणी कितीही बारकाईनें केली असती, तरी ही गोष्ट इतक्या स्पष्टपणें दिसली नसती. तुलना म्हणजे काय, हें शिकविण्यासाठीं याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं. आज पिंपळें सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आहे. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत राहणारा समाजशास्त्राचा एखादा विद्यार्थी आपल्याच पायांखालच्या जमिनीचें हें पुस्तक न वाचतां पाश्चात्त्य पंडितांच्या आठ व्याख्या पाठ करीत असेल, तर तो दोष त्याचा नव्हे.

आतां भाषेविषयीं. आपलीं पाठ्यपुस्तकें 'प्रश्न सोपे व स्पष्ट असावेत' एवढें सांगून मोकळीं होतात. पण मराठींत सोपा शब्द म्हणजे एकच अर्थाचा शब्द नव्हे. 'तुमच्या कुटुंबाचें उत्पन्न किती?' हा प्रश्न घ्या. जुन्या वळणाच्या माणसाच्या तोंडीं 'कुटुंब' म्हणजे बायको. तो सांगेल, "तिला कसलं उत्पन्न?" आणि शून्य लिहिलें जाईल. 'घर' म्हणावें, तर एका घरांत तीन भाऊ व तीन चुली असूं शकतात. म्हणूनच जनगणनेची व्याख्या एकत्र राहून एका स्वयंपाकघरांतलें जेवण जेवणारीं माणसें अशी आहे. आपल्या आज्या जिला 'एक चूल' म्हणत तीच ही. 'काम' या शब्दानें तर याहून मोठा अनर्थ केला आहे. पहांटेपासून रात्रींपर्यंत राबणाऱ्या बाईला 'तुम्ही काम करतां का?' असें विचारलें, तर ती 'नाहीं, घरीच असते' म्हणते, आणि तिची शेतांतली निंदणी, गुरांचें वैरणपाणी, विकावयाचें दूध हें सारें आंकड्यांतून नाहींसें होतें. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या वापराची जी पाहणी केली, तींत हा शब्दच बाजूला ठेवण्याची वाट दाखविली आहे: आदल्या दिवशीं पहांटे ४ पासून अर्ध्या-अर्ध्या तासानें काय काय केलें, तेवढें सांगा. मत विचारलें नाहीं, शब्दाचा अर्थ लावावयास सांगितलें नाहीं. काल काय घडलें एवढेंच विचारलें. चांगला प्रश्न बहुधा असाच साधा असतो, पण तेथवर पोंचावयास पुष्कळ वाईट प्रश्न खोडावे लागतात.

आणि प्रश्न विचारणाऱ्यानें स्वतः कोठें उभें आहों हेंही सांगितलें पाहिजे. म्हैसूरकडील रामपुरा या खेड्यांत एम. एन. श्रीनिवास १९४८ सालीं राहिले. पुढें १९७० च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें लागलेल्या आगींत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या प्रती जळाल्या, आणि त्यांनीं बव्हंशीं आठवणींवर विसंबून 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हें पुस्तक लिहिलें. तें १९७६ सालीं निघालें. आठवणींतून लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्याला पडताळतां येत नाहींत, ही उणीव मोठी आहे, आणि सुंदर लेखनानें ती भरून निघत नाहीं. पण त्याच पुस्तकांत श्रीनिवासांनीं कबूल केलें आहे, कीं गांवच्या मुखियाच्या आश्रयाला राहिल्यामुळें गांव त्यांना वरच्या जातींच्या ओटीवरून दिसला. दलितांच्या वस्तींत आणि बायकांच्या जगांत त्यांना तितकासा प्रवेश मिळाला नाहीं. ही कबुली म्हणजे दुबळेपणा नव्हे. कोणत्या खिडकींतून पाहिलें तें सांगितलें, म्हणजे पुढचा माणूस दुसऱ्या खिडकीकडे जाऊं शकतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत 'संशोधनाच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो. त्यांत वेळ व पैसा अपुरा पडल्याचें लिहिलेलें असतें. आपण कोणाच्या ओटीवर बसलों होतों, हें त्यांत नसतें.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील, कीं हें सारें बोलणें सोपें आहे. एका शिक्षकाकडे पुष्कळ विद्यार्थी, लघुप्रबंधाला मुदत थोडी, कित्येक मुलें दिवसा नोकरी करून संध्याकाळीं शिकणारीं, आणि मराठींतून वाचावयास दुसरें साहित्य तुटपुंजें. हा आक्षेप खोटा नाहीं. ज्या पाठ्यपुस्तकांना मीं नांवें ठेवलीं, त्यांच्याचमुळें इंग्रजीशीं झटापट करणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या विद्यार्थ्यांच्या हातीं या विषयाचीं कांहीं सूत्रें तरी आलीं, हेंही खरें. भांड्यांची यादी अजिबात नसण्यापेक्षां असणें बरें. परंतु मुदत थोडी आहे म्हणूनच प्रश्न लहान घ्यावा, हा धडा तीं पुस्तकें कां देत नाहींत? २१२ अनोळखी चौकोनांऐवजीं बारा घरें घेतलीं आणि प्रत्येक घरीं तीनदां गेलें, तर मुदत पुरते, पैसाही पुरतो. बारा घरांवरून महाराष्ट्राविषयीं बोलतां येणार नाहीं. पण २१२ चौकोनांवरूनही तें बोलतां येत नव्हतेंच. फरक इतकाच, कीं बारा घरांच्या विद्यार्थ्याला तें ठाऊक असतें.

माझ्या मतें या अभ्यासक्रमाचा आरंभ व्याख्यांनीं न करतां एका सबंध पाहणीच्या वाचनानें करावा. मॅन यांचीं दोन गांवें त्यासाठीं पुरेशीं आहेत. पुस्तक वाचतांना प्रत्येक प्रकरणाशेवटीं एकच प्रश्न विचारावा: येथें लेखकाचें म्हणणें खोटें ठरूं शकलें असतें काय, आणि तें कसें? दुसरें असें, कीं विद्यार्थी पाहणीला निघण्यापूर्वीं त्याच्याकडून एक कागद लिहून घ्यावा. त्यावर दोनच ओळी असाव्यात: मला काय आढळेल असें वाटतें, आणि काय आढळलें तर माझें चुकलें असें मी मानीन. दुसरी ओळ ज्याला लिहितां येत नाहीं, त्याची रचना अजून झालेली नाहीं असें समजावें. तिसरें असें, कीं ज्याचें गृहीतक पडलें त्या प्रबंधाला गुण कमी पडूं नयेत. हें तिसरें सर्वांत अवघड आहे, कारण तें विद्यार्थ्याच्या हातीं नाहीं. तें आम्हां परीक्षकांच्या हातीं आहे. 'निष्कर्ष स्पष्ट नाहींत' असा शेरा मारून मींही पूर्वीं असे गुण कापलेले आहेत, हें येथें लिहून ठेवणें मला कर्तव्य वाटतें. मुलें आरती ओंवाळावयास आमच्याकडूनच शिकलीं.

हा केवळ विद्यापीठाच्या चार भिंतींतला वाद नाहीं. आज पदवीसाठीं चौकोन भरणारीं हींच मुलें उद्यां शासनाच्या खात्यांत, वृत्तपत्रांत, स्वयंसेवी संस्थांत बसणार आहेत. कोणत्या वस्तीला पाणी हवें, कोणत्या शाळेंतून मुली गळतात, कोणती योजना फसली, हें त्यांच्या पाहण्यांवरून ठरणार आहे. 'दोघे' या चौकोनांतली एक चुकीची खूण लघुप्रबंधांत कोणाला टोंचत नाहीं. योजनेच्या कागदावर ती एखाद्या बाईच्या वाट्याचा हक्क पुसून टाकूं शकते. आणि ज्या माणसानें आपलें काम थांबवून आपल्याशीं बोलण्याचे उपकार केले, त्याचें बोलणें नीट ऐकून घेणें हें शास्त्राच्याही आधीं सभ्यतेचें आहे.

भाची चार महिन्यांनीं पुन्हां आली. तीं २१२ उत्तरें तिनें टाकून दिलीं नव्हतीं. 'ओळखींतून मिळालेलीं' असें स्पष्ट लिहून एका बाजूला ठेविलीं होतीं. धुणींभांडीं करणाऱ्या बाईंच्याच वस्तींत ती चौदा घरीं जाऊन बसली होती. निर्णय हा शब्दच तिनें सोडून दिला होता. घरांत शेवटचा मोठा खर्च कोणता झाला, तो काढला कोणी, नको कोण म्हणालें, आणि कोणाच्या बोलण्यावर विषय मिटला, एवढेंच तिनें विचारलें होतें. स्त्री मिळवूं लागली कीं तिचा शब्द चालूं लागतो, असा तिचा तर्क होता. कित्येक घरांत शब्द मिळकतीच्या आधींपासूनच चालत होता, आणि कांहीं घरांत मिळकत येऊनही चालत नव्हता.

"माझा तर्क अर्धा पडला, मामा," ती म्हणाली. स्वर रडवेला नव्हता, पण खट्टू होता. "आतां शेवटच्या प्रकरणांत काय लिहूं?"

मीं म्हटलें, "तेंच."